झोळीवाल्याचा चेहरा

करमाळ्याच्या मावशीचा मेसेज आला तेव्हा ऋतुजा ब्रश धूत होती. सोलापूरच्या नवी पेठेत वडिलांचं कापडाचं दुकान आणि त्याच्या वरच्या खोलीत हिचं चित्रांचं टेबल. खालून गिऱ्हाइकांचा आणि रिक्षांचा गलका नेहमीसारखा वर येत होता. हात पुसून तिने फोन उचलला. घरच्या ग्रुपवर मावशीने लिहिलं होतं, 'पोरं पळवणारी टोळी आपल्या जिल्ह्यात फिरत आहे. पोलिसांनी स्केच काढले आहे. मुलांना एकटे सोडू नका. सगळ्यांना पाठवा.'

खाली स्केच होतं. ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत गेलेला व्रण, एक पापणी अर्धी मिटलेली, खांद्यावर झोळी.

ते स्केच ऋतुजाने स्वतः काढलेलं होतं.

ती आणि विरेश मिळून 'भुईकोट पथक' नावाचं कॉमिक काढायचे. गोष्ट तो लिही, चित्रं ही काढी. किल्ल्याच्या बुरुजाखाली जमणारे चार वीर, अंगात नाना शक्ती, आणि सोलापूरवर चालून येणारी संकटं. पोरांना ते आवडलं होतं. यंदाच्या विशेष अंकाचं नाव होतं 'पथकाचे सर्वांत मोठे शत्रू', आणि पहिला नंबर कुणाचा ते वाचकांनीच ठरवायचं होतं. हात लावील ते शिवार वाळवणारा करपा होता, तळीच्या तळी पिऊन टाकणारी तहानराणी होती, माणसांच्या सावल्या कामाला जुंपणारा मुकादम होता. पण सगळ्यांना मागे टाकून पोरांनी निवडला तो झोळीवाला. तो कुणाला मारत नसे. दारोदार हिंडायचा, पोरांचे आवाज झोळीत भरायचा आणि निघून जायचा. मागे उरलेली पोरं नुसती तोंड हलवत राहायची.

तिने विरेशला फोन लावला.

"तू काल काय टाकलंस?"

"टीझर," तो खुशीत म्हणाला. "बघितलंस का किती पसरलंय?"

"त्यावर काय लिहिलंस ते सांग."

"'हा माणूस सोलापूर जिल्ह्यात शिरलाय. पोरांना जपा.' एवढंच. कॉमिकचं नाव मुद्दाम नाही टाकलं. आज संध्याकाळी उलगडा करायचा होता."

"विरेश, लोक त्याला पोलिसांचं स्केच समजतायत. माझ्या मावशीनं पाठवलंय मला, करमाळ्याहून!"

मग तो म्हणाला, "मी काढून टाकतो. आत्ता काढतो."

"तू तुझ्याकडचं काढशील. मावशीच्या फोनमधलं कोण काढणार?" ती म्हणाली. "आणि तो चेहरा खरा आहे रे. तो चनबसप्पांचा चेहरा आहे."

हे तिने आजवर विरेशलाही सांगितलं नव्हतं. चनबसप्पा अक्कलकोटच्या बाजूचे. उमेदीची वर्षं यंत्रमागावर गेली. एकदा तुटलेला पट्टा तोंडावर बसला आणि गाल फाटला, डोळ्याची पापणी तेव्हापासून खालीच आली. माग सुटल्यावर ते टॉवेल आणि चादरींचं गाठोडं खांद्यावर टाकून गावोगाव विकत फिरायला लागले. सकाळी निघताना ऋतुजाच्या वडिलांच्या दुकानात घोटभर पाणी प्यायचे. एकदा ते पायरीवर टेकलेले असताना हिने पेन्सिल काढली, तेव्हा ते लाजून हसले होते. "माझं तोंड लोक बघत नाहीत, आणि तू काढतीस की तंगी!" तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. त्या चित्राचं पुढे काय झालं, ते त्यांनी कधी विचारलं नाही, आणि हिने सांगितलं नाही.

ती जिना उतरून खाली आली. "बाबा, चनबसप्पा आज कुठे गेलेत?"

"कुंभारीकडं म्हणत होते. का गं?"

तिने त्यांचा नंबर लावला. फोन त्यांच्या बायकोने, काशम्माने उचलला. "फोन घरातच राहिला की त्यांचा. काय झालं, अव्वा?"

"काही नाही," ऋतुजा म्हणाली. "आले की मला कळवा." एवढंच कसंबसं बोलून तिने फोन ठेवला. मग विरेशला सांगितलं, "तू आधी पोलिसांकडे जा. मूळ चित्रं, छापलेले अंक, सगळं घेऊन जा. त्यांना कुंभारीकडे पाठव. मी पुढे जाते."

"एकटी नको जाऊ."

पण तोवर तिने स्कूटी काढली होती.

अक्कलकोट रस्त्याला ऊन नुसतं पांढरं पडलं होतं. रस्त्याच्या कडेला गाठोडं घेतलेला माणूस दिसला की ती ब्रेक दाबायची. जवळ गेल्यावर तो कुणी भलताच निघायचा. दर वेळी वाटायचं, सापडले. सापडले तर त्यांना मागे बसवायचं आणि सरळ घरी आणायचं, एवढंच तर आहे. शाळेच्या फाटकाशी आया घोळक्याने उभ्या होत्या, शाळा सुटायला अवकाश असताना. एकीने हिच्या स्कूटीकडे निरखून बघितलं आणि पदराआड फोन कानाला लावला.

कुंभारीच्या स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर तिने विचारलं, "टॉवेल विकणारे एक काका दिसले का? वयस्कर आहेत, गाठोडं असतं."

चहावाल्याने गाळणी झटकली. "टॉवेलवाला न्हाय बघितला. पर पोरं पळवणारा एक घावलाय म्हणं, पलीकडच्या वस्तीवर. लोक तिकडंच पळालेत सगळी." त्याच्या आवाजात जत्रेला जायला न मिळालेल्या माणसाची हळहळ होती.

वस्ती कुंभारीच्या पलीकडे, माळाच्या कडेला होती. शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकली आडव्यातिडव्या पडल्या होत्या. ऋतुजाने स्कूटी सोडली आणि गर्दीत शिरली. वाटेत चिखलाच्या डबक्यात एक चादर पडली होती, मोरांच्या नक्षीची. तिच्यावरून लोकांचे पाय गेलेले होते.

पत्र्याच्या छपराच्या एका घराचं दार बंद होतं आणि दारात साठीची एक बाई पाय रोवून उभी होती. हातात काही नव्हतं, नुसते दोन्ही हात चौकटीला लावलेले.

"सोनाबाई, बाजूला व्हा," एक दांडगा माणूस म्हणत होता. "तुमच्यावर आमचा राग न्हाय."

"मग घरला जा की," बाई म्हणाली. "माज्या घरात शिरायचं काय काम? ह्या माणसाकडनं मी टावेल घेतलेत. दोनदा घेतलेत. तवा कुणाचं पोर गेलं?"

"फोटोत हाय त्यो! बघा, ह्यो बघा व्रण!" दांडग्याने फोन उंच धरला. "अन मराठी बी नीट बोलत न्हाय."

"बोलायला तोंड कुटं ठिवलंय तुमी? फोडलंय की."

ऋतुजा पुढे घुसली आणि ओरडली, "ते चित्र माझं आहे! मी काढलंय ते. पोलिसांचं नाही. कॉमिकमधलं आहे, गोष्टीतलं!"

सगळे वळले. क्षणभर तिला वाटलं, झालं, आता समजतील. मग मागून कुणीतरी म्हणालं, "ही कोण?" आणि दुसरा म्हणाला, "टोळीत बाया बी असत्यात. मेसेजमधी टोळीच लिवलीय."

कुणीतरी तिचा दंड धरला. तिने फोन काढून कॉमिकची पानं दाखवली. दांडग्याने एक नजर टाकली. "फोनवर काय, काय बी करता येतंय आजकाल."

"मग तुमच्या फोनवरचं तरी खरं कशावरून?" ती बोलून गेली, आणि लगेच वाटलं की हे बोलायला नको होतं. दंडावरची पकड घट्ट झाली.

"तूच काढलंस म्हणतीस ना?" दांडगा म्हणाला. "मग काढ. हितं, आमच्या म्होरं काढ."

"काढते. कशानं काढू?"

सोनाबाईने दारातून न हलता मान वळवली आणि खिडकीतून आत हाक मारली. "ओ पावणं, चुलीतला इजलेला कोळसा द्या बाहीर." गजांतून एक हात कोळसा घेऊन बाहेर आला. बोटांवर रक्त सुकलेलं होतं. ऋतुजाने तो हात ओळखला. कोळसा घेताना तिने ती बोटं क्षणभर धरली, आणि आतून बारीक आवाज आला, "तंगी?"

सोनाबाईच्या घराची पुढची भिंत चुन्याने रंगवलेली होती. ऋतुजाने पहिली रेघ ओढली आणि ती वेडीवाकडी गेली. मागे कुणी हसलं. तिने ती पुसली आणि पापणीपासून सुरुवात केली, कारण ती पापणी तिने शेकडो वेळा काढली होती. मग व्रण आला. जबडा आला. खांदा आणि झोळी आली. गलका जरा कमी झाला.

"तसंच हाय की," एक बाई म्हणाली.

"बघून बघून पाठ केलं असंल," दांडगा म्हणाला, पण पूर्वीएवढ्या जोरात नाही.

आणि तेव्हा ऋतुजाच्या लक्षात आलं, की ती काढतेय तोवर हे लोक बघतायत. बघतायत तोवर त्यांचे हात रिकामे आहेत. पोलीस निघाले असतील की विरेश अजून कुठल्या बाकावर बसून असेल, ते कळायला मार्ग नव्हता. चित्र संपवून चालणार नव्हतं.

"हा एकटा नाही," ती भिंतीकडे तोंड ठेवूनच मोठ्याने म्हणाली. "याच्यासारखे आणखी आहेत. हा करपा." तिने वाळक्या काटक्यांची बोटं काढली. "हा शिवारात पाय ठेवतो आणि ज्वारी जागच्या जागी काळी पडते." शेजारी तहानराणी काढली, फुगलेल्या पोटाची, केस शेवाळाचे. "ही तळं पिते. पिऊन झालं की रडते, पण डोळ्यांतून पाणी येत नाही." आयांच्या कडेवरची आणि पायांतली पोरं पुढे सरकली. एका मुलीने "मुकादम काढा!" म्हणून सांगितलं, मग तिच्या आईने तिला मागे ओढून विचारलं, "तुला काय ठावं गं?"

"शाळेत हाय की पुस्तक. ह्यो झोळीवाला. त्येला भुईकोटवाले हरवत्यात."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. कुणी फोन काढून पुन्हा मेसेज वाचायला लागलं. दंड धरणारा माणूस केव्हा बाजूला झाला, ते ऋतुजाला कळलंच नाही. पण मागच्या बाजूला पाच-सहा जण अजून "दार उघडा" करत होते, आणि त्यांतल्या एकाने दगड भिरकावला. तो पत्र्यावर आदळला. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सोनाबाईने डोळे मिटले, पण हात काढले नाहीत. ऋतुजा काढत राहिली. कोळसा संपत आला तशी बोटांनी काढत राहिली. घामाने चित्रं पुसट होत होती आणि ती पुन्हा गिरवत होती.

पोलिसांची गाडी आली तेव्हा भिंतीवर जागा उरली नव्हती. गाडीतून विरेश उतरला, छातीशी अंकांचा गठ्ठा कवटाळून. त्याने भिंतीकडे बघितलं आणि गठ्ठा सोडून अंक लोकांना वाटायला लागला. गर्दी पांगली, पण घाईने नाही. काहीजण जाताना भिंतीचे फोटो काढून गेले.

चनबसप्पांचं मनगट मोडलं होतं, दोन दात गेले होते. दवाखान्यात काशम्मा त्यांच्या उशाशी बसली होती. ऋतुजाने तिला सगळं सांगितलं, चेहरा कुणाचा आणि झोळीवाला कोण ते सुद्धा. काशम्माने त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, "चित्र काढताना इचारायचं होतं, अव्वा. ते व्हय म्हणाले असते. त्यांना कुणी इचारत न्हाई, म्हणून तर." आणि तिने तोंड फिरवलं.

विशेष अंक निघाला नाही. विरेशने जाहीर माफी मागितली. ती त्या मेसेजच्या मानाने फारच थोड्या लोकांनी वाचली. मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरतच राहिला. दोन महिन्यांनी लातूरच्या बाजूने तो पुन्हा आला, आणि त्या रात्री ऋतुजा झोपली नाही.

प्लास्टर निघाल्यावर एक दिवस चनबसप्पा दुकानात आले. पाणी प्यायले. म्हणाले, "तंगी, त्या सोनाबाईला चादर द्यायची हाय. तू येतीस का संगं?"

"मी नेऊन देते, काका. तुम्ही कशाला?"

"न्हाई. मी गेलो न्हाई तर मग कुटंच जायला जमायचं न्हाई मला."

ती त्यांना स्कूटीवर घेऊन गेली. कुंभारी मागे पडली तसे त्यांचे हात तिच्या सीटच्या दांडीवर आवळत गेले. तिला ते पाठीशी कळत होतं. वस्तीच्या तोंडाशी तिने वेग कमी केला. पारावर चार माणसं बसली होती. त्यांत तो दांडगाही होता. तो उठून उभा राहिला. "परत जाऊ या का?" तिने हळूच विचारलं.

चनबसप्पा उतरले. गाठोडं त्यांनी खांद्यावरून खाली घेतलं आणि सगळ्यांना दिसेल असं, रस्त्यातच, सोडलं. एकेक टॉवेल, एकेक चादर बाहेर काढून धुळीवर पसरली. शेवटी रिकामं फडकं उलटं करून झटकलं.

"बगा," ते म्हणाले. "पोरं न्हाईत."

कुणी हसलं नाही. दांडगा जवळ आला, चादरींकडे बघत उभा राहिला. त्याचे ओठ हलले, पण काही बाहेर आलं नाही. मग तो खाली बसला आणि एक चादर उचलून, धूळ झटकून, चुकतमाकत तिची घडी घालायला लागला.