चौकटींचा कागद

आमचे हे फरशी बसवतात, गेली चाळीस वर्षं. सरळ रेघेच्या बाबतीत ह्यांच्यापुढे कुणी ब्र काढायचा नाही. कुणाकडे जेवायला गेलो तरी आधी खाली बघून नाक मुरडणार. मी कंटाळलेय बाई.

डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला. उजव्यातला दाब उतरावा म्हणून ऑपरेशन केलं. आठवड्यानं तपासून डॉक्टरीणबाईंनी चौकटींचा एक कागद दिला. "रोज बघा. रेघा वाकड्या दिसल्या तर लगेच या."

दोनच दिवसांनी ह्यांनी कागद भिरकावला. "छपाईच धड नाही! असलं काम आम्ही शिकाऊ असतानासुद्धा केलं नाही." मी भांडी घासत होते, नुसतं हूं म्हटलं. दवाखान्याच्या रांगा धरून आणि वेळेवर थेंब घालून माझा जीव मेटाकुटीला आला होता. कागद उचलून ड्रॉवरमध्ये टाकला.

वाकायची मनाई होती, म्हणून हे कामावर खुर्ची टाकून बसायला लागले. फरशी दीर बसवायचा. तीन आठवड्यांनी तो घरी आला तो हातपाय गाळूनच. "वहिनी, दादानं आज तिसऱ्यांदा ओळ उखडायला लावली. दोरी लावून दाखवली तर म्हणतो, दोरीच सैल आहे."

मी तशीच उठले. ड्रॉवर उघडला. कागदावर एकही रेघ वाकडी नव्हती. मला का नाही सुचलं आधी बघायचं?

"दाब नको तितका उतरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हवा गेलेल्या चेंडूसारखा डोळा मऊ पडला, मागच्या पडद्याला सुरकुत्या पडल्यात. इतके दिवस थांबलात का?"

"मला वाटलं, कागदच चुकलाय," हे खाली मान घालून म्हणाले.

पुन्हा टाके घातले. दाब वाढला, बऱ्याच सुरकुत्या गेल्या. मधली एक राहिली, आणि ती आता राहणारच म्हणे.

काल मी डबा घेऊन कामावर गेले. हे गुडघ्यांवर बसून एक फरशी न्याहाळत होते. कितीतरी वेळ. मला घरात साधा फोटोसुद्धा कधी टांगू न देणारा हा माणूस म्हणाला, "अगं, बघ जरा. सरळ आहे का?"

हो म्हणावंसं फार वाटलं. पण खोटं रेटायलाही अंगात त्राण लागतं.

"नाही," मी म्हटलं. "डावीकडे उतरलीय."

"किती?"

मी बोट ठेवून दाखवलं. ह्यांनी चाचपत माझं बोट धरलं आणि तिथपर्यंत फरशी वर सरकवली.