कुंकवाखालचा आकडा

मी एक जुनी वायर आहे. जुनी म्हणजे किती, तर अडीच वर्षांची. हसू नका मित्रांनो, आमच्या जातीत एकदा जळले की वय कुणी विचारत नाही. माझे एक टोक भिंतीवरच्या बोर्डात आणि दुसरे लॅपटॉपच्या चार्जरमध्ये असायचे. ते दुसरे टोक आता वितळून गोळा झाले आहे, आणि मी गुळेदगुड्डातल्या एका विणकराच्या घरी, पिशवीत घालून खुंटीला टांगलेली असते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. त्या दिवशी तिथे फार घाई होती. चार्जरकडच्या टोकाशी तांब्याचे जेवढे तंतू पक्के बसायला हवे होते, तेवढे बसले नाहीत. काही बाहेरच लोंबत राहिले. त्यांच्यावरून काळेभोर प्लास्टिक चढले आणि झाकली मूठ सव्वा लाखाची झाली. बोर्डाकडच्या पिनेवर नखाएवढ्या जागेत माझा आकडा इंग्रजीत कोरला, 28. माझ्यासारख्या हजारो बहिणी त्याच आकड्याच्या निघाल्या.

या घरात मला धाकट्या मुलाने, विरुपाक्षने आणले. तो बेळगावला नोकरीला आहे. वहिनीला, म्हणजे नागवेणीला, त्याने लॅपटॉप घेऊन दिला, कारण तिला अप्पांच्या नक्ष्या उतरवून घ्यायच्या होत्या. अप्पा म्हणजे तिचे सासरे, चन्नबसप्पा. पन्नास वर्षे त्यांनी मागावर खण विणले. आता डोळे गेले होते, पण जुन्या नक्ष्या सगळ्या डोक्यात होत्या. कागदावर एकही नाही. गावात बाकीचे विणकर दोन-चार नक्ष्यांवर भागवतात. अप्पांनंतर त्या कुणालाच येणार नव्हत्या.

रोज सकाळी न्याहारी झाली की दोघे बसत.

"लिही. हत्तीपाऊल. दोन उचल, एक सोड, दोन उचल, चार सोड."

नागवेणी उचललेल्या धाग्यांचे चौकोन पडद्यावर भरी आणि वाचून दाखवी. एक धागा चुकला तरी अप्पा मांडीवर थाप मारत. "अगं नागी, हत्तीला पाचवा पाय फुटला की! माझ्या सासुरवाडीला असा खण गेला असता तर तुझी सासू तेव्हाच परत गेली असती."

"मी अजूनही जाईन," आतून सासू, सगळ्यांची अव्वा, गौरव्वा म्हणायची.

कधी अप्पा हात लांब करून मला चाचपत. "हिला जपा गं. माझी नक्षी हिच्यातूनच आत जाते." तसे काही नसते, पण मला फार बरे वाटायचे. खरे सांगायचे तर मी त्या नक्ष्या नीट ऐकल्याच नाहीत. माझे सगळे लक्ष माझ्या आतल्या चटक्याकडे असे.

मग दसऱ्याची आयुधपूजा आली. गौरव्वाने मागाला, धोट्याला, मिक्सरला, सायकलला विभूती आणि ओले कुंकू लावले. "ही पण कामाचीच," म्हणत अंगठा माझ्या पिनेवर दाबला, नेमका आकड्यावर. कुंकू खाचेत बसले आणि वाळून घट्ट झाले. पूजेचे कुंकू आपण होऊन झडेपर्यंत कुणी काढायचे नाही, ही त्या घरची रीत.

महिनाभराने विरुपाक्षचा फोन आला.

"वहिनी, कंपनीचा निरोप आलाय. आपल्या लॅपटॉपबरोबरच्या काही वायरी तापून पेटतात म्हणे. पिनेवर अठ्ठावीस असेल तर लावायची नाही, ते फुकट बदलून देतात. बघ बरं."

नागवेणीने मला बोर्डातून उपसले आणि उजेडात धरले. "दोन... आणि तीन दिसतोय. त्यावर अव्वांचं कुंकू आहे. थांब, खरवडून बघते."

"ए!" गौरव्वा स्वयंपाकघरातून धावतच आली. "पूजेचं कुंकू नखानं खरवडतेस? घरात तुझा सासरा असा बसलेला असताना?"

"अव्वा, नुसता आकडा बघायचाय."

"दिसतोय ना तेवीस? मग झालं."

नागवेणी घुटमळली. सासूशी वाद घालणे तिच्या स्वभावात नव्हते. फोनवर ती म्हणाली, "तेवीस आहे रे." तिकडून विरुपाक्ष म्हणाला, "सुटलो बाबा!"

मी सुटले नव्हते, मित्रांनो. आठाची डावी बाजू कुंकवाखाली होती, म्हणून तो तीन दिसत होता. मी ओरडून ओरडून सांगितले असते, पण वायरीचे बोलणे घरातल्यांना कुठे ऐकू येते?

पुढे ते व्हायचे ते झाले. एका दुपारी गौरव्वा मठात गेली होती, नागवेणी गच्चीवर रंगवलेले सूत वाळत घालत होती, अप्पा पलीकडच्या खोलीत झोपले होते. माझे टोक लाल झाले. आधी टेबलावरची चादर पेटली, मग लॅपटॉप. धूर पाहून नागवेणी धावत खाली आली, तिने अप्पांना ओढून अंगणात नेले, बटण बंद केले, वाळूच्या बादल्या ओतल्या. माणसे वाचली. लॅपटॉपचा कोळसा झाला. आतल्या नक्ष्यांची दुसरी प्रत नव्हती; ती करून ठेवायची हे रोज ठरत होते आणि रोज राहत होते.

संध्याकाळी गौरव्वाने माझी पीन हातात घेतली आणि स्वतःच्या नखाने कुंकू खरवडले. आठ. ती तिथेच भिंतीला टेकून बसली.

विरुपाक्ष तो कोळसा बागलकोटला घेऊन गेला, हुबळीला घेऊन गेला. दोन्हीकडच्या दुकानदारांनी, यातून काही निघणार नाही म्हणत, मान हलवली. अप्पांना मात्र "वायर जळाली" एवढेच सांगितले. ते रोज विचारत, "बदलून कधी येणार?"

कंपनीला माझा फोटो गेला, आणि अकराव्या दिवशी नवी वायर घरपोच आली. बैल गेला अन् झोपा केला! अप्पांनी दारातला आवाज ऐकला. "आली का? चला, बसू या. कुठवर आलो होतो?"

"एकशे एक्केचाळीस नक्ष्या झाल्या," नागवेणी म्हणाली. रिकाम्या टेबलाशी ती कोरी वही उघडून बसली. "पण अप्पा, पुन्हा पहिल्यापासून म्हणाल का? तपासून घेऊ."

"बरं. पहिली सुईजाई घे. एक उचल, दोन सोड, एक उचल..." अप्पा थांबले. बोटे मांडीवर थोडा वेळ हलली आणि तीही थांबली. मग ते हसले. "तूच वाच पुढचं. एकदा तुला सांगून झालं की ती नक्षी मी डोक्यातून सोडून देतो बघ. नाहीतर मागच्या नक्ष्यांना बाहेर यायला वाट कशी मिळायची?"

मित्रांनो, वायरीवर आकडा असतो, तो वाचण्यासाठीच असतो. त्यावर काहीही लागलेले असो, कुणीही रागावो, घासून बघा. आणि जे फक्त एकाजवळच आहे, ते दोन ठिकाणी लिहून ठेवा. हे सांगायला मला फार उशीर झाला आहे. नागवेणी कोऱ्या पानाकडे बघत बसली आहे, आणि अप्पा कान देऊन विचारत आहेत, "वाचतेस ना गं?"