दोन पिशव्यांतलं सूप

काचेच्या थाळीवर चीजचा एक वाळलेला थेंब होता, पिवळट, नखाने खरवडला तरी न निघणारा — वॉर्डाच्या पॅन्ट्रीतल्या मायक्रोवेव्हचं दार उघडं धरून ती त्याच्याकडेच पाहत राहिली. हातात बाबांसाठी आणलेलं कोंबडीचं सूप. मांसाला दुधाचा स्पर्श होता कामा नये, भांडीसुद्धा वेगळी... यहुदी माहेरचे हे नियम तिने लग्नानंतर केव्हाच गुंडाळून ठेवले होते, आणि आता इथे उभी राहून ती डबा गुंडाळत होती, एका पिशवीत, मग दुसरीत. दोन आवरणं असली की परक्या यंत्राची वाफ आपल्या अन्नाला लागत नाही, असं आई म्हणायची.

“आटपा हो ताई,” मागून कुणीतरी म्हणालं.

थाळी फिरू लागली. त्या गुणगुणत्या उजेडात आईचं स्वयंपाकघरही फिरत होतं — डावीकडे दुधाची भांडी, उजवीकडे मांसाची, मधोमध चुकीचा चमचा घेतलेली इवलीशी ती, आणि बाबा हसून म्हणताहेत, बघू या हं, आभाळ कोसळतंय का...

फट्!

दोन्ही पिशव्या फुटल्या होत्या. झाकण उडालेलं, थोडं सूप थाळीभर. उरलेलं डब्यात वाफाळत होतं. ऑपरेशननंतर बाबांनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं. आज कुठे स्वतःहून मागितलं होतं. कुणाला कळणार होतं?

पण खाटेशी बसून चमचा ओठांशी नेताच बाबांनी विचारलं, “पिशव्यांत घातलं होतंस ना?”

“हो.” खोटं नव्हतं ते. मग हात थांबलाच. “फुटल्या, बाबा.”

दुपारचा उजेड पडद्यातून पाण्यासारखा हलत होता.

“जिवावरच्या दुखण्यात या नियमांतून सूट असते,” ते हळूच म्हणाले. “मी तेवढा आजारी आहे का गं?”

सकाळी डॉक्टर तिला बाहेर बोलावून जे बोलले होते, ते — ते तर तिने अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. हो म्हटलं तर बाबा जेवतील, पोटभर जेवतील... आणि सगळं समजून चुकतील. आयुष्यभर तिला हे नियम कुंपणासारखे टोचले होते. आता मात्र त्या कुंपणाच्या आत, बाबांशेजारी, अंग चोरून बसावंसं वाटत होतं — त्यांनी नकोच म्हणावं, उपाशी राहावं, पण एवढे आजारी असू नये...

“सांग ना,” बाबा म्हणाले.

चमच्यातली वाफ विरळ होत चालली होती.