सात ते सात-वीस

"आबा, सातले कितलं कमी शे?" वर्षानं विचारलं.

"तीन मिनिट. पंखा बंद कर. आन पाय नको आपटू."

भिकननं भिंग डोळ्याला लावलं आणि हिऱ्याची सुई कोऱ्या तबकडीच्या कडेवर आणून थांबवली. भेस्तानच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूमखाती, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने. मागांच्या धडधडीनं पेल्यातलं पाणीसुद्धा जिथं स्वस्थ बसत नाही, तिथं घरात रेकॉर्ड कापायला, म्हणजे कोऱ्या तबकडीवर गाणं कोरायला बसणारा माणूस डोक्यानं जरा सरकलेलाच असला पाहिजे. पण सकाळी रातपाळी सुटून दिवसपाळी चढते, तेव्हा सात ते सात-वीस माग बंद असतात. भिकनची वेळ तीच.

बत्तीस वर्षं तो मागच दुरुस्त करत आला होता. पोरीनं डीजे व्हायचं खूळ घेतलं तेव्हा महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही, आणि मग तिच्याहून जास्त खुळा झाला. मागाच्या मोडीतून त्यानं ही कापायची मशीन उभी केली. आता लांबलांबचे डीजे त्याच्याकडून रेकॉर्डी कापून नेत. अलीकडे दोन कर्कश वाजतात म्हणून परत आल्या होत्या. भिकननं खापर फोडलं तबकडीच्या प्लास्टिकवर.

आज काम पोरीचं होतं. संध्याकाळी मुंबईला स्पर्धा. तबकडीवर हात ठेवून गाणं मागंपुढं खेचत वाजवायचं, कॉम्प्युटर चालणार नाही. वर्षाला वाजवायचं होतं तिच्या आईनं, भागीरथीनं म्हटलेलं हळदीचं अहिराणी गाणं. ते कुठल्या दुकानात मिळणार? गाडी आठ-चाळीसची, आणि घरात कोरी तबकडी उरलेली एकच.

"चहा ठेवू का?" आतून भागीरथी.

"भांडंबी नको हलाडू!"

माग थांबले. भिकननं सुई टेकवली. तबकडीतून केसासारखा काळा धागा सुटू लागला आणि पंपाची नळी तो ओढून घेऊ लागली. चार मिनिटं कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नाही. सुई उचलून भिकननं रेकॉर्ड वाजवून पाहिली आणि तो खूश झाला.

"लोण्यामायक कापाई गयं. आयक."

वर्षानं हेडफोन लावला. तिचा चेहरा उतरला.

"आबा, ही शिट्टी?"

"कसानी शिट्टी?"

"पूर्‍या गाणामा शे. मायना आवाजवर. तुमले ऐकू नही येस?"

"तुना हेडफोन खराब व्हई."

"हेडफोन नवा शे, आबा."

भिकननं हेडफोन हिसकावून स्वतःच्या कानाला लावला. भागीरथी गात होती, छान गात होती. शिट्टी कुठं होती? त्यानं आवाज वाढवला. आणखी वाढवला. दूर उभ्या असलेल्या वर्षानं कानांवर हात ठेवले, तेव्हा मात्र त्यानं हेडफोन काढून ठेवला.

भागीरथी दारात येऊन उभी होती. "दोन वरीस व्हयनात," ती पोरीला म्हणाली. "कुकर बोंबलस तरी त्यासले पत्ता नही."

"मंग सांगं काब्र नही?"

"सांगं आस्तं ते मशीन सोडी दिधं आस्तं त्यासनी."

भिकन खाली मान घालून बसला. परत आलेल्या त्या दोन रेकॉर्डी आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घड्याळात सात-नऊ झाले होते.

वर्षानं तबकडी उचलली आणि उलटी करून ठेवली. "ही बाजू कोरी शे."

"सुईना कोन चुकेल शे. माले ऐकाई नही ते मी बसाडू कसा?"

ती त्याच्या समोर, त्याला दिसेल अशी उकिडवी बसली. त्यानं कडेला बोटभर जागेत नमुना कापला. तिनं ऐकून अंगठा खाली केला आणि दोन बोटं जवळ आणली: खाली, किंचित. खात्यातल्या खुणा! मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून कामगार हातांनी बोलतात. लहानपणी डबा घेऊन यायची तेव्हा ती शिकली असणार. भिकनचे डोळे भरून आले, आणि भिंगातून काही दिसेना. त्यानं बाहीनं पुसले, स्क्रू सूतभर फिरवला.

पुन्हा नमुना. पुन्हा अंगठा, आता वर. तिसऱ्या वेळी तिनं मूठ मिटली. बस.

सात-पंधरा. सुई टेकली. तीन मिनिटं होताहेत तोच गल्लीच्या टोकाला कुणा उतावळ्यानं पहिला माग चालू केला. भिकनला तो तळपायांतून कळला. मग दुसरा. त्यानं दोन्ही हातांनी टेबल दाबून धरलं, जणू त्यानं धडधड थांबणार होती. गाण्याची शेवटची ओळ संपली आणि त्यानं सुई उचलली, तेवढ्यात शेजारचं खातं गरजलं.

वर्षानं सबंध गाणं ऐकलं. भिकन तिच्या तोंडाकडे बघत राहिला, कारण आता बघण्यासारखं तेवढंच होतं. ती हसली.

मग त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पहिल्या बाजूवर आरपार रेघ ओढली.

"र्‍हाऊ द्या ना, आबा!"

"फॉल्टना कपडाले खूण करतसच," तो म्हणाला.

वर्षा पिशवी छातीशी धरून निघाली. भिकन दारात उभा राहिला. रिक्षात बसताना तिनं वळून काहीतरी म्हटलं. शेजारी भागीरथीचा हात वर गेलेला दिसला, म्हणून त्यानंही हात हलवला.