तपासणी फी

"तोंड मोठं उघडा. अजून थोडं," डॉ. आमोद केतकर म्हणाले.

शालनने आ केला. वरच्या दिव्याचा प्रकाश थेट डोळ्यांत येत होता, तरी तिने डोळे मिटले नाहीत. हा माणूस आपल्याला इतक्या जवळून बघतोय, आता ओळखेल, असं तिला वाटत होतं. पण त्यांचं लक्ष फक्त दाढेकडे होतं.

"दुखलं तर डावा हात वर करा. घाबरू नका," ते म्हणाले. आवाज मऊ होता, हात हलका होता. शालनला त्याचाही राग आला. हा माणूस असा बोलू शकतो, तर तेव्हा का नाही बोलला?

त्यांनी एक्स-रे काढला, पडद्यावर दाखवला. कीड मुळापर्यंत गेली होती. रूट कॅनॉल करून घ्या, नाहीतर दाढ काढावी लागेल, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. शालन म्हणाली, "विचार करून सांगते." मग ती खुर्चीवरून उतरली, पदर सारखा केला आणि बाहेरच्या काउंटरकडे निघाली. ज्यासाठी ती सदाशिव पेठेत आली होती ते काम तिथे होतं.

मे महिन्यात हाच माणूस आपली गाडी घेऊन तिच्या काउंटरवर आला होता. सोलापूर रस्त्यावर हडपसरच्या अलीकडे हिंमतराव काळभोरांचं गाड्यांच्या एसीचं गॅरेज आहे. नवरा कचरू गेल्यापासून शालन तिथे काउंटर सांभाळत होती. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, गाडी कधी आणायची ते सांगायचं, चहा मागवायचा, रागावलेल्या माणसाला पंख्याखाली बसवायचं. बरीच गिऱ्हाइकं गॅरेजला नावाने ओळखत नसत. 'शालनताईंकडे गाडी टाकलीय' असंच म्हणत.

केतकरांच्या गाडीचा एसी थंड हवा देत नव्हता. शालनने नेहमीप्रमाणे आधीच सांगितलं होतं, "सर, दोष शोधायचे वेगळे पैसे होतात. काम इथे केलंत तर ते बिलातून वजा होतात." केतकर फोनवर बोलत होते. त्यांनी मान हलवली आणि "हो हो, करा," म्हणाले. प्रज्ञेश नावाच्या मेकॅनिकने अर्धा दिवस घालवून पुढचा डॅशबोर्ड उतरवला. आतली कूलिंग कॉइल गळत होती. खर्च ऐकल्यावर केतकर म्हणाले, "राहू दे, मी दुसरीकडे बघतो." प्रज्ञेशने सगळं परत जोडून दिलं, आणि शालनने तपासणीचे पैसे सांगितले.

"कशाचे? गाडी गरम आली, गरमच चालली."

"सर, दोष शोधायचे आहेत ते. आधी सांगितलं होतं मी. बोर्डही आहे."

"म्हणजे नुसतं बघायचे पैसे. छान. उद्या तुमच्या दारावरून गाडी नेली तरी बिल पाठवाल."

बाकड्यावर बसलेली दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. तेवढ्यात केतकरांनी मोबाइल वर धरला. व्हिडिओ सुरू झाला होता. "बघा मंडळी, पुण्यात लूट कशी चालते. नाव काय हो तुमचं?"

"शालन."

"पूर्ण सांगा. लाजताय कशाला?"

"शालन कचरू कांबळे."

"अच्छा," केतकर म्हणाले, आणि मोबाइलकडे बघून किंचित हसले.

बस, तेवढंच. पण तो 'अच्छा' शालन लहानपणापासून ओळखत होती. शाळेत नाव घालताना तो ऐकला होता, भाड्याची खोली बघायला गेल्यावर ऐकला होता. तिने पैसे न घेता गाडीची किल्ली काउंटरवर सरकवली. हिंमतराव आत काचेच्या केबिनमध्ये बसून सगळं बघत होते. ते उठले नाहीत.

व्हिडिओ शहरभर फिरला. गॅरेजच्या फोनवर लोक शिव्या देऊ लागले. व्हिडिओखाली लोक तिच्या आडनावावरून काय काय लिहीत होते. आठवड्याभराने हिंमतरावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"शालनताई, दोन शब्द बोलायचं हाय फक्त. गैरसमज झाला, माफी मागते, एवढंच. इषय मिटंल."

"चूक काय झाली माझी?"

"चूक कुनाची म्हनत न्हाय मी. धंदा हाय. डॉक्टर मानूस हाय तो, त्याचं ऐकतात लोक." त्यांनी स्वतःच मोबाइल धरला. "हात जोडा. आजून जरा वर."

शालनने हात वर घेतले.

तो दुसरा व्हिडिओ तिच्या मुलीच्या, पूर्वाच्या, कॉलेजातही पोचला. पूर्वा त्या संध्याकाळी जेवली नाही. भांडी घासून झाल्यावर म्हणाली, "आई, पहिल्या व्हिडिओचं मला काही वाटलं नाही. खालचं सगळं वाचलं, तरी नाही वाटलं. पण तू हात का जोडलेस? तुझं चुकलं होतं का?"

नोकरीसाठी, असं शालनला म्हणता आलं असतं. पण पूर्वाच्या तोंडाकडे बघून ते ओठांवर येईना.

त्यानंतर हिंमतरावांनी तिला काउंटरवरून काढून मागच्या खोलीत बसवलं. तिथे गॅसची नळकांडी आणि जुने कॉम्प्रेसर ठेवलेले असत. पुढे कल्याणी नावाची नवी मुलगी आली. पगार तोच राहिला, पण दिवसभरात शालनशी बोलायला कोणी नसायचं. तिच्या डोक्यात तेवढंच चालू राहायचं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ती मनातल्या मनात केतकरांना हात जोडायला लावायची. कधी गॅरेजमध्ये, कधी भर रस्त्यात, कधी त्यांच्या घरच्यांसमोर. रोज जागा बदलायची. हात तेच असायचे.

एकदा तिने त्यांच्या दवाखान्याचं पान मोबाइलवर उघडलं. दातांची काळजी कशी घ्यावी याचे व्हिडिओ होते, लहान मुलांसोबतचे फोटो होते, आणि एका फोटोत काउंटरमागे बोर्ड दिसत होता. 'उपचार घेतले नाहीत तरी तपासणी फी द्यावी लागेल.' शालनने तो बोर्ड बोटांनी मोठा करून पुन्हा वाचला. मागच्या खोलीत ती एकटीच मोठ्याने हसली. दाढ तिची खरोखरच दुखत होती. तिने फोन करून वेळ घेतली आणि नाव पूर्ण सांगितलं.

दवाखान्याच्या काउंटरवर अपेक्षा नावाची मुलगी होती. छातीवर नावाची पट्टी लावलेली. तिने फी सांगितली.

"कशाची?" शालन म्हणाली. "दाढ दुखत आली, दुखतच चालली."

"मॅडम, तपासणीची आहे. बोर्डावर लिहिलंय."

"म्हणजे नुसतं बघायचे पैसे."

पेपर वाचत बसलेल्या एका आजोबांनी चष्म्यावरून बघितलं. शाळेच्या गणवेशातल्या मुलाला घेऊन आलेल्या बाईने त्याला जवळ ओढलं. अपेक्षा हसली. ओठ हसतात आणि मान ताठ होते, तसं. त्या हसण्याने दिवसाच्या शेवटी गाल कसे दुखतात, ते शालनला पक्कं ठाऊक होतं. तिचा आवाज खाली आला.

"अपेक्षा, तुझ्याशी माझं काही भांडण नाही. तू बाजूला सरक. त्यांना बाहेर बोलाव." आणि तिने मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला.

केतकर मास्क हनुवटीखाली ओढत बाहेर आले. "काय झालं?" त्यांनी मोबाइल बघितला. मग शालनची साडी बघितली, हातातली कापडी पिशवी बघितली, आणि त्यांचा चेहरा एकदम मवाळ झाला. "अपेक्षा, राहू दे. यांच्याकडून घेऊ नकोस. ताई, तुम्ही जा बिनधास्त. जमेल तेव्हा द्या, नाही दिले तरी चालेल."

"असे डॉक्टर राहिलेत कुठे आता," आजोबा म्हणाले.

शालनचे कान तापले. या एका गोष्टीचा विचार तिने केलाच नव्हता. तिच्याच मोबाइलवर, तिच्याच हातून, हा माणूस देव होऊन बसला होता. क्षणभर तिला वाटलं, मोबाइल बंद करावा आणि पळून जावं.

तिने पिशवीतून नोटा काढल्या आणि काउंटरवर ठेवल्या.

"घ्या. तुम्ही तपासलंत, फोटो काढलात, कीड कुठवर गेलीय ते सांगितलंत. त्याचे पैसे होतात. आमच्या गॅरेजमध्येही होत होते."

"कुठलं गॅरेज?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. ते सोंग नव्हतं, शालनने चेहरा नीट बघितला. मेपासून ती ज्याला डोक्यात घेऊन फिरत होती, त्याच्या डोक्यात ती कुठेच नव्हती.

"शालन कचरू कांबळे," ती म्हणाली. "पूर्ण नाव विचारलं होतंत. मी सांगितलं, तर तुम्ही अच्छा म्हणालात."

आता केतकरांना ओळख पटली. ते काउंटरजवळ आले आणि हळू बोलू लागले. "अहो, तो विषय केव्हाच संपला. आणि तुम्ही माफीही मागितली होती ना."

"मागितली. हात जोडून. आता तुम्ही जोडा."

"हे बघा, इथे पेशंट बसलेत."

"माझ्यापुढेही गिऱ्हाइकं बसली होती."

"तो मोबाइल खाली करा, नाहीतर मी पोलिसांना बोलावतो."

"बोलवा. मी बसते." आणि शालन खरंच खुर्चीवर बसली. मोबाइल तिने दोन्ही हातांनी धरला होता.

मग आजोबांनी पेपरची घडी केली. "डॉक्टर, मला एक सांगा. यांनी तुमच्या गाडीचं काम केलं होतं, आणि तुम्ही पैसे दिले नव्हतेत?"

"काका, तसं नाहीये ते."

"मग कसं आहे?"

केतकरांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा त्या गणवेशातल्या मुलाकडे. मुलगा टक लावून बघत होता. मग त्यांनी झटकन पोटाजवळ हात जोडले. "सॉरी."

"अजून जरा वर," शालन म्हणाली.

त्यांनी हात वर घेतले. अपेक्षा मान खाली घालून कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत राहिली.

शालन जिना उतरली. आता आपल्याला वाईट वाटेल, असं तिला वाटलं होतं. पण वाटलं नाही. कोपऱ्यावर तिने उसाचा रस घेतला, बर्फ घालून. दाढेतून कळ मस्तकात गेली, तरी ग्लास संपवून ती बसच्या रांगेत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजमध्ये पोचायच्या आधीच हिंमतरावांना फोन गेला होता.

"डॉक्टरचा फोन आलता," ते म्हणाले. "त्यो म्हनतोय, तुमी टाकू नका, मीबी माजा जुना व्हिडिओ काढून टाकतो. बरोबर हाय की. काढा मोबाइल, माज्यासमोर पुसा."

"नाही पुसणार."

"शालनताई, परत सगळं उकरून निघंल. गॅरेजचं नाव निघंल."

"तो बोर्ड तुम्ही लावायला सांगितलात, मी लावला. पैसे तुम्ही घ्यायला सांगितलेत, मी मागितले. तो माणूस ओरडत होता तेव्हा तुम्ही त्या काचेतून बघत होतात. गॅरेजचं नाव तेव्हा कुठे होतं?"

हिंमतरावांनी टेबलावरची किल्ली बाजूला सरकवली. "मग उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले.

"बरं," शालन म्हणाली. मागच्या खोलीतून तिने चप्पल आणि पाण्याची बाटली घेतली. प्रज्ञेश गाडीखालून बाहेर आला आणि काळे झालेले हात मागे धरून उभा राहिला. "ताई, जाताय?" एवढंच त्याने विचारलं.

संध्याकाळी तिने पूर्वाला व्हिडिओ दाखवला. पूर्वाने तो शेवटपर्यंत बघितला, मग शेवटचा भाग परत बघितला. "जोडले त्याने," ती म्हणाली. आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकवून बसून राहिली. लहानपणी बसायची तशी. टाकायचा का, असं तिने विचारल्यावर शालन म्हणाली, "टाक."

केतकरांचा व्हिडिओ शहरभर गेला होता. शालनचा तिच्या वस्तीत फिरला, नातेवाइकांत फिरला, पूर्वाच्या वर्गात फिरला, आणि थांबला. केतकरांनीही आपला जुना व्हिडिओ गुपचूप काढून टाकला. दवाखान्याच्या पानावर नवे फोटो आले, त्यात मुलं हसत होती. काउंटरमागचा बोर्ड तोच होता.

सोमवारी शालन सवयीने उठली आणि सवयीने डबा भरला. झाकण लावल्यावर तिच्या लक्षात आलं. पूर्वा कॉलेजला गेली होती. दुपारी शालनने तोच डबा उघडला आणि खिडकीपाशी बसून जेवायला घेतलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. लोणी काळभोरचं एक जुनं गिऱ्हाईक होतं.

"शालनताई, गाडीचा एसी परत गेला बगा. कधी आनू?"

"मी आता तिथे नसते, दादा."

"आँ? मग आमी कुटं जायाचं?"

शालनने घास गिळला. "तिथेच जा. प्रज्ञेश आहे, त्याला विचारा, हात चांगला आहे त्याचा. सकाळी लवकर न्या, दुपारी गर्दी होते. आणि तपासायचे पैसे सांगतील ते देऊन टाका. पुढे नवी मुलगी आहे, तिच्याशी वाद घालू नका."

"बरं बरं. तुमी म्हनताय तर देतो."

तिने फोन ठेवला आणि उरलेली पोळी संपवली. मग डबा घासला, कोरडा पुसला आणि वरच्या फळीवर, रोज न लागणाऱ्या भांड्यांत, पालथा घालून ठेवला.