पोळ्याच्या दिवशीची चौकशी

एका बिल्ल्यापायी धुरपताच्या नाकी नऊ आले होते. तोही स्वतःसाठी नव्हे, मेलेल्या नवऱ्यासाठी. बोरटोल्याहून गोरेगावपर्यंत पायी, तिथून गोंदियाला मोटारीनं, पुढं आगगाडीनं जिल्ह्याच्या गावी, आणि तिथल्या कचेरीत बाबूचं उत्तर ठरलेलं, "बाई, फाइल ऊपर गई है।" ही फाइल जी एकदा वर गेली ती खाली यायचं नावच घेईना. "देवाघरी गेली का वो तुमची फाइल?" असं धुरपतानं एकदा विचारलंसुद्धा. बाबूनं चष्म्यावरून पाहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तिचा नवरा उदाराम दुसऱ्या महायुद्धात पलटणीची खेचरं हाकायला होता. तोफेचे सुटे भाग, गोळ्यांच्या पेट्या, पीठ, डाळ, सगळं खेचरांच्या पाठीवर लादून हा गडी पार बर्माच्या डोंगरांत जाऊन आला. तिथं एका नदीत त्याचं नोकरीचं बुक वाहून गेलं. तो स्वतः तापानं फणफणत जबलपूरच्या दवाखान्यात पोचला आणि तिथंच त्याला नवं बुक मिळालं. झालं! नव्या बुकात लिहिलं, नोकरी जबलपूर. कागदाच्या हिशेबानं उदारामनं बर्मा पाहिलाच नव्हता. लढाई संपल्यावर टपालानं घरी एक वाटोळा बिल्ला आला, जो झाडून सगळ्या शिपायांना मिळाला होता. बर्मात गेलेल्यांचा वेगळा, चांदणीसारखा बिल्ला असतो, बर्मा स्टार. तो काही आला नाही.

आला नाही तर आला नाही, उदारामला त्याचं काही नव्हतं. पण गडी बोलका. पारावर बसला की बर्माचे डोंगर, बर्माचा पाऊस, बर्माच्या जळवा. केशोरावांना ते खुपायला लागलं. केशोराव म्हणजे गावचे जुने मालगुजार, जमीनदारच म्हणा. मालगुजारी गेली, पण मिशीचा पीळ काही गेला नव्हता. गावात आपल्याहून दुसऱ्या कोणाचं ऐकायला माणसं जमतात म्हणजे काय! एक दिवस त्यांनी उदारामचं बुक मास्तरांकडून वाचून घेतलं आणि मांडीवर थाप मारली. "अरे, हा तं जबलपूरच्या पुढं सरकलाच नाही!"

त्या सालच्या पोळ्याला केशोरावांची झडती तयार. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे केले की गावात झडत्या म्हणायची रीतच आहे. खड्या आवाजात कोणाची तरी फिरकी घ्यायची आणि शेवटी महादेवाचा गजर करायचा. दुधरामचा गळा मोठा. त्यानं हात वर करून सुरू केलं:

"उदाराम गेला बर्माले,
चिखल नाही लागला पायाले,
जबलपुरात चहा पेला
अना वापस आला घराले!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

गाव लोटपोट. मग काय, दर पोळ्याला तीच झडती. पुढं तो जुना ताप उलटला आणि उदाराम गेला. माणूस गेला, झडती राहिली. तो गेल्यावरच्या पहिल्या पोळ्याला धुरपताला वाटलं, यंदा तरी जनाची नाही तर मनाची धरतील. कसलं काय! दुधरामनं सवयीनं तोंड उघडलं आणि गावानं सवयीनं दात काढले.

धुरपता डोक्यावरचा पदर पुढं ओढून केशोरावांच्या ओट्यावर गेली. गावच्या नात्यानं ते तिला सासऱ्याच्या जागी. "मामाजी, मेलेल्या माणसाले तरी सोडा. माहं पोरगं ऐकते ते."

"सूनबाई, मी काय झूट बोलून राहिलो? सरकारचा कागद बोलते," केशोराव म्हणाले. "तू तो चांदणीचा बिल्ला आणून दाखव. त्या दिवशीपासून झडती बंद. शब्द हाये माहा."

तिथून हे शुक्लकाष्ठ मागं लागलं. मास्तरांनी अर्ज लिहिला, रेकॉर्डात चूक आहे, ती दुरुस्त व्हावी. कचेरीनं विचारलं, कंपनी कोणती? ती कळवली. कचेरीनं विचारलं, मेला त्याचा दाखला? तो दिला. मग म्हणाले, तू त्याची विधवा आहेस त्याचा दाखला आण. त्या दिवशी धुरपताचं डोकं फिरलं. कचेरीच्या दारातच ती ओरडली, "माहं कपाळ दिसत नाही का तुमाले? का यालेबी शिक्का पायजे?" शेवटी तो दाखलाही तिनं आणला. मग साहेब चौकशीला येतील म्हणाले. कधी? येतील तेव्हा येतील.

आणि साहेब आले ते नेमके पोळ्याच्या दिवशी! अख्खं वर्ष मोकळं पडलं होतं, पण नाही. साहेब म्हणजे उत्तरेकडचे एक म्हातारे सुभेदार, पेन्शनीनंतर कचेरीत लागलेले. ताठ मान, पांढऱ्या मिशा. त्यांची जीप शिरली तेव्हा गाव तोरणाखाली जमलेलं होतं. शिंगं रंगवून, झुली घालून बैल रांगेत उभे. धुरपताही आपली जोडी धरून उभी होती. तिच्या पवळ्याच्या कपाळावर बाशिंग होतं, आणि बाशिंगाच्या मधोमध उदारामचा तो वाटोळा बिल्ला शिवलेला होता.

उदाराम दर पोळ्याला तो बिल्ला पवळ्याला घालायचा. सोनारानं यात चांदी नाही म्हणून सांगितलं, म्हणून बैलाला दिला असेल, असं गावाला वाटायचं. तो गेल्यावर धुरपतानंही ते चालू ठेवलं.

सुभेदार जीपमधून उतरले, दोन पावलं आले आणि थबकले. "ये क्या है? सरकारी तमगा... बैल के माथे पर?"

"होय जी, पोळा आहे ना आज," धुरपता म्हणाली.

"शरम नहीं आती? इसके लिए जवानों ने जान दी है!" म्हाताऱ्याचा आवाज असा चढला की ढोलवाला वाजवायचा थांबला. कोणीतरी पळत जाऊन खाट आणली. सुभेदार बसले, पाणी प्यायले, थोडे निवले. मग त्यांनी पिशवीतून कागद काढला. "देखो बाई, तुम्हारा केस मैंने पढ़ा है। मामला बन सकता है। लेकिन ये मैंने आँखों से देखा, तो लिखना पड़ेगा। तुम माफीनामा दे दो। मेरा आदमी गँवार था, तमगे की इज्जत नहीं जानता था, गलती हुई। अंगूठा लगाओ, मैं आगे भेज दूँगा। स्टार आ जाएगा।"

केशोराव पुढं सरकले. "लाव सूनबाई, लाव अंगठा. काम फत्ते होते."

मास्तरांनी मजकूर लिहिला. शाईची डबी समोर आली. धुरपतानं अंगठा शाईत बुडवला. एवढ्या चकरा, एवढे दाखले, आणि आता एवढंसं राहिलं होतं. एक ठसा, की झडती कायमची बंद. तिनं हात कागदापर्यंत नेला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाही लावत, जा!" तिनं हात लुगड्याला पुसला. "गाव तोंडानं त्यायले लबाड म्हणून राहिलं, अना मी अंगठ्यानं त्यायले अडाणी म्हणू? त्यायले इज्जत समजत होती. सगळ्यायपेक्षा जास्त समजत होती!"

"मग बैलाले काऊन घातला?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

ही गोष्ट उदारामनं फक्त तिला सांगितली होती, आणि बजावलं होतं, गावात बोलू नको, याचीही झडती करतील. पण आता तिला कोण आवरणार!

"काऊन म्हणजे? आयका! त्यायच्या जवळ एक खेचर होती, बिजली नावाची. नदीले पूर, यायले ताप, उभं राहता येत नव्हतं. यायनं तिची शेपटी धरली. तिनं पाठीवरच्या पेट्यायसकट यायले वढत पार नेलं. अना काठावर आली तं चिखलात रुतली, पुढचे दोन्ही पाय मोडले. पलटणीचे साहेब म्हणे, गोळी घाल. यायलेच घालावी लागली." तिनं पवळ्याच्या बाशिंगाकडं बोट केलं. "बिल्ला आला त्या राती लहान पोरावाणी रडले. म्हणे, हा तिचा हाये, मी तं मागून शेपटी धरून होतो. ते खेचर आता कुठून आणाची? मंग ज्याच्या मानेवर आपण जगतो त्याले दिला. रडले खेचरीसाठी! करा आता याचीबी झडती, दुधराम भाऊ, करा!"

सुभेदारांची लेखणी हातात तशीच राहिली होती. ते उठले, पवळ्यापाशी गेले, बिल्ल्याकडं पाहत राहिले. धुरपताला वाटलं, आता हा माणूस समजला. पण कचेरीचं पाणी एकदा अंगी लागलं की लागलंच. ते परत खाटेवर बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "खच्चर का नंबर याद है?"

"नंबर?"

"खुर पे नंबर होता है। रेकॉर्ड से मिलाना हो तो नंबर चाहिए। नाम से नहीं चलता।"

"अगा माय वो!" धुरपतानं दोन्ही हात कपाळावर मारले. "मेलेल्या खेचरीचा नंबर आता मी कुठून आणू? बर्मात जाऊ?"

सुभेदारांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण त्यांनी कागदावर 'जाँच बाकी' एवढंच लिहिलं, पिशवी आवरली आणि जीपमध्ये बसले. फाइल आली तशी वर गेली.

मग गाव तोरणाकडं वळलं. झडतीची वेळ झाली होती. दुधराम पुढं आला, पण तोंड उघडायच्या आधी त्यानं केशोरावांकडं पाहिलं. केशोरावांनी नाही म्हणून मान हलवली. आपल्या बैलांचा कासरा हाती धरूनच ते धुरपतासमोर आले.

"सूनबाई, ते झडती आजपासून बंद. बिल्ला येवो का न येवो."

लोकांना वाटलं, आता बाई हात जोडेल. बाईचा तर भडकाच उडाला.

"बिल्ल्याबिगर बंद होत होती? तुमच्या एका बोलानं बंद होत होती? मंग पयलेच काऊन नाही केली, मामाजी? मले कायले गावोगाव फिरवलं? बरं, मी फिरली, माह्या फिरण्याचं जाऊ द्या. पण ते होते तवा? याच तोरणाखाली उभे राहून तुमच्यासंगं हासत होते ते. अना घरी येऊन पुरणाची पोळी ताटात तशीच ठेवत होते. भूक नाही म्हणत होते. सणाच्या दिवशी, मामाजी! आता बंद केली म्हणून कोणाले सांगून राहिले तुमी? ज्यायले सांगाचं होतं ते कुठं हायेत?"

रीतीप्रमाणं मानाची म्हणून पहिली केशोरावांची जोडी पुढं जाऊन तोरण तुटायला हवं होतं; त्याशिवाय पोळा फुटत नाही. पण ते कासरा धरून तिथंच उभे राहिले, आणि पुढं चला म्हणून त्यांना कोणी सांगितलं नाही.