दिसायला ठीक असलं तरी

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि मी हट्टाने दोन्ही वेळा चपाती खायला लागले.

आमच्या घरात पोट बिघडलं की पेज. लालबागच्या खोलीतही ते कोकणातल्यासारखंच चालत आलं: गहू बंद, उकड्या तांदळाची पेज, चवीला मीठ. आई दरवेळी पेजेवर उभी राहायची आणि चपाती सुरू झाली की पुन्हा आडवी व्हायची. तिची एण्डोस्कोपी झाली तेव्हाही ती पेजेवरच होती. ‘सगळं नॉर्मल,’ डॉक्टर म्हणाले. आतड्याचा तुकडा काढून तपासला नाही, बायोप्सी केलीच नाही. तिच्या अंगातलं रक्त कमी होत गेलं आणि शेवटी न्यूमोनिया तिला झेपला नाही.

आता तेच जुलाब, तोच थकवा मला. रक्ताच्या तपासणीत सीलिॲकची शंका निघाली, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं झिजण्याची. पण खात्री नाही. गहू सोडला की आतडं सावरतं आणि तपासणी फसते. म्हणून बायोप्सीपर्यंत गहू खायचाच.

कालिंदीमावशी ताटाशी येऊन उभी राहायची.

“आवस गेली तशी तू जातलंस काय गो? ठेव ती चपाती.”

“बायोप्सी होऊ दे, मग जन्मभर पेज घाल.”

“शिकलंस तां मराक?”

“मरायचं नाही म्हणून खातेय, मावशी.”

रागारागाने माझ्या वाटणीची पेज तीच पिऊन टाकायची.

परळच्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे केला. “आधी दुर्बिणीतून बघू. आतडं चांगलं दिसलं तर बायोप्सी नको.”

“चांगलं दिसलं तरी तुकडे घ्या. एकाच जागचा नको, चार ठिकाणचे.”

“गूगल केलंय वाटतं?”

“नाही. आईला पोचवून आलेय. तिच्याही दुर्बिणीत काही दिसलं नव्हतं. आधी बायोप्सी लिहा, मग सही करते.”

मागून मावशी म्हणाली, “लिवा ओ डॉक्टर. ही ऐकाची नाय.”

त्यांनी लिहिलं.

दुर्बीण बाहेर आली. “दिसायला ठीक आहे,” ते जरा जिंकल्यासारखे म्हणाले. औषधाच्या फवाऱ्याने माझा घसा अजून बधिर. मी बोटांच्या चिमटीने विचारलं.

“घेतले हो, घेतले.”

रिपोर्टच्या दिवशी त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. दिसायला ठीक असलेल्या आतड्यातले, अन्न शोषणारे बारीक उंचवटे सूक्ष्मदर्शकाखाली झिजून सपाट झालेले दिसले होते. सीलिॲकच.

“तुमच्या आईंनाही कदाचित...”

“कदाचित काय?”

त्यांनी रिपोर्ट मिटला. “बायोप्सी करायला हवी होती.”

मी मान हलवली. आभार मानावेत असं वाटलं नाही. जिन्यातूनच धाकट्या भावाला, निलेशला, फोन लावला.

“हा आजार भावंडांतही असू शकतो. उद्या रक्त द्यायला ये.”

“मला काय धाड भरलीय, ताई? ठणठणीत आहे मी.”

“नाही आलास तर करी रोडला तुझ्या ऑफिसात येईन. सगळ्यांसमोर कानाला धरून नेईन.”

“तू ना...”

“सकाळी आठला. उपाशी यायची गरज नाही.”